आजी-आजोबांसह तीन आठवडे युरोप: घरातल्या तरुण मुलामुलींसाठी मार्गदर्शक

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहा जण सांगलीहून युरोपला निघालो: अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, त्र्याहत्तर वर्षांची आजी, आई, बाबा, तेरा वर्षांचा धाकटा भाऊ आणि वीस वर्षांची मी. पॅरिसमध्ये सहा, स्वित्झर्लंडमधील लुसर्नमध्ये सहा आणि इटलीत नऊ, अशा एकवीस रात्री आम्ही काढल्या. यात्रा कंपनीच्या बसबरोबर धावणे आजोबांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, म्हणून सगळी आखणी घरीच करायची असे ठरले. आता “घरीच” म्हणजे कोणी, हे वेगळे ठरवावे लागले नाही. ज्याला मोबाइलवर नकाशा वाचता येतो आणि मोडकेतोडके का होईना, इंग्रजी बोलायला संकोच वाटत नाही, त्याच्या गळ्यात हे काम आपोआप पडते. तुमच्याही गळ्यात ते पडणार असेल, तर पुढील मजकूर तुमच्यासाठी आहे.

१. आधी गावे कमी करा

पहिल्या आराखड्यात मी अकरा गावे घातली होती. बाबांनी कागद हातात घेऊन एवढेच विचारले, “यात आजोबा दुपारी कुठे झोपणार?” तेव्हा अकराची पाच झाली, आणि आज विचाराल तर चार पुरली असती. गाव बदलण्यात पूर्ण दिवस जातो, हे लक्षात ठेवा. सकाळी सामान भरणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, गाडीचा प्रवास, नव्या जागेची किल्ली मिळेपर्यंत थांबणे आणि मग दूध-पाव आणायला दुकान शोधणे, एवढ्यात संध्याकाळ होते. एका गावात चारपेक्षा कमी रात्री ठेवू नका. आम्ही व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला दोन आणि फ्लोरेन्सला तीनच रात्री ठेवल्या आणि नेमक्या त्याच पाच दिवसांत घरात सर्वांत जास्त चिडचिड झाली.

विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे काढा. आम्ही पॅरिसला उतरलो आणि रोमहून परतलो, त्यामुळे उलटा प्रवास वाचला. संकेतस्थळांवर हा पर्याय “मल्टी-सिटी” या नावाने दिसतो.

२. पासपोर्ट आणि नावे तपासा

शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून, बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो आणि त्यात दोन पाने कोरी असावी लागतात. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असल्यामुळे सगळे निर्धास्त असतात, पण लहान मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो. आमच्या भावाचा सप्टेंबरअखेर संपत होता. परतीच्या तारखेपासून मोजले तर तीन महिने जेमतेम भरत होते, म्हणून आम्ही धोका न पत्करता तो आधीच नवा करून घेतला.

आपल्या मराठी नावांचा एक खास घोळ आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव असे दोन्ही मिळून दुसऱ्या रकान्यात छापलेले असते. तिकीट काढताना मात्र सवयीने आपण केवळ नाव आणि आडनाव लिहितो. मी आजीच्या तिकिटावर आजोबांचे नाव गाळले आणि ते दुरुस्त करून घेण्यात दोन दिवस गेले. तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज या तिन्हींवर पासपोर्टच्या रकान्यांतील अक्षर न् अक्षर तसेच उतरवा. आधार कार्डावरील स्पेलिंग वेगळे असेल तर त्याकडे पाहू नका. पासपोर्टवरचे तेच खरे धरा.

३. व्हिसाचा अर्ज

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, पण तो काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे-जूनसाठी भेटीच्या वेळा फार लवकर भरतात, त्यामुळे दिवाळीच्या फराळाबरोबर आखणी आणि संक्रांतीच्या आसपास भेटीची वेळ घेणे, हा हिशेब सोयीचा पडतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आधी उतरता तो देश नव्हे, तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहता त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. रात्री सारख्याच असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरला जातो. आम्ही पॅरिसला उतरणार असलो तरी नऊ रात्रींमुळे आमचा अर्ज इटलीकडे गेला. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. भाऊ तेरा वर्षांचा असल्यामुळे त्याचेही पूर्ण शुल्क भरावे लागले. अर्ज केंद्राचा सेवाआकार त्याशिवाय असतो.

आम्ही प्रत्येकाची वेगळी फाइल केली आणि कागद या क्रमाने लावले:

- भरलेला व सही केलेला अर्ज, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ३५ × ४५ मिलिमीटरची अलीकडची छायाचित्रे
- चालू पासपोर्ट, त्याच्या प्रती आणि जुने पासपोर्ट
- प्रवासाचा हेतू आणि खर्च कोण करणार हे सांगणारे पत्र
- दिवसवार कार्यक्रम, विमानाचे आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण
- प्रवास विमा
- बँकेचा शिक्का असलेले खातेउतारे आणि आयकर विवरणपत्रे
- नोकरदारांसाठी रजेचे पत्र, माझ्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाइड, भावासाठी शाळेचे पत्र आणि आजोबांसाठी निवृत्तिवेतनाचे कागद
- नाते सिद्ध करणारे दाखले, म्हणजे जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला

आजी-आजोबांचा विवाह १९७० च्या सुमाराचा आणि त्याची नोंदणी कोणीच केलेली नव्हती. सुदैवाने दोघांच्याही पासपोर्टवर जोडीदाराचे नाव छापलेले होते, त्यावर काम भागले. तुमच्याकडे तसे नसेल, तर या एका दाखल्यासाठी दोन महिने आधीच हालचाल करा.

अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम भरून शिल्लक फुगवू नका. पगार किंवा निवृत्तिवेतन नियमित जमा होणारे साधे खाते अधिक विश्वासार्ह दिसते. मुक्कामाचे आरक्षण विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्या आणि व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणाऱ्या कोणत्याही तिकिटात पैसे गुंतवू नका.

बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्येकाला स्वतः जावे लागते; बारा वर्षांखालील मुलांना त्यातून सूट आहे. आजीचे ठसे यंत्रावर उमटेनात. खिडकीमागच्या मुलीने ओला रुमाल दिला, बोटे पुसून पुन्हा ठेवायला सांगितली, तरी पडद्यावर करडा ढगच दिसत होता. “बावन्न वर्षं भांडी घासली गं, रेषा राहणार कुठून?” असे आजी म्हणाली आणि ती मुलगी हसली. पाचव्या खेपेला ठसे आले. वृद्धांबरोबर जात असाल तर भेटीनंतर लगेच परतीची गाडी ठेवू नका, आणि आदल्या रात्री त्यांच्या बोटांना खोबरेल तेल किंवा मलम चोळून ठेवा.

व्हिसा हाती पडताच तिथेच उभे राहून नाव, जन्मतारीख, वैधतेच्या तारखा आणि राहण्याच्या दिवसांची संख्या वाचून पाहा.

४. विमा आणि औषधे

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा विमा सक्तीचा आहे. सत्तरीपुढच्या व्यक्तींसाठी हप्ता बराच वाढतो, आणि म्हणून काही जण रक्तदाब किंवा मधुमेह अर्जात लिहीत नाहीत. हे कदापि करू नका, कारण वेळ आली की दावा नेमका याच मुद्द्यावर नाकारला जातो. आधीपासूनच्या आजारांना किती संरक्षण आहे, हे छोट्या अक्षरांतले कलम स्वतः वाचा.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीची घ्या, मूळ पाकिटांतच ठेवा आणि सगळी हातातल्या पिशवीत न्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधातील घटकाचे नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषध दुकानात कोणाला कळत नाहीत. उन्हाळ्यात मध्य युरोप भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतो. इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर पहिल्या दोन दिवसांच्या वेळा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

५. पैसे

परकीय चलन आधीच भरलेले फॉरेक्स कार्ड, एक नेहमीचे कार्ड आणि थोडी रोख रक्कम अशी विभागणी पुरेशी आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, हे घरात दोनदा सांगून ठेवा. आपल्या बँकेच्या कार्डावरील परदेशी व्यवहार ॲपमधून आधी चालू करावे लागतात. मोठा सापळा यंत्रावरच्या एका प्रश्नाचा आहे: पैसे देताना “रुपयांत की युरोत?” असे विचारले जाते आणि ओळखीचे रुपये पाहून आपण त्यावर बोट ठेवतो. तिथे नेहमी स्थानिक चलनच निवडा, कारण रुपयांचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो आपल्याला महाग पडतो.

बँकेचे ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतात. परदेशी सिम घातले आणि भारतीय सिम डबीत ठेवले, तर ऐन तिकीट काढताना अडकाल. त्यापेक्षा ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारे सिम, घेऊन भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. इटलीत मुक्कामावर दर माणशी, दर रात्री शहर कर वेगळा घेतला जातो आणि अनेक ठिकाणी तो रोख मागतात. सार्वजनिक शौचालयांसाठी सुटी नाणी लागतात, म्हणून आमच्याकडे नाण्यांचा बटवा आजीकडे होता आणि तिने तो सोसायटीच्या खजिनदाराच्या काटेकोरपणाने सांभाळला.

६. सामान आणि शिदोरी

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. याचा अर्थ तूप, पेढे, खव्याची बर्फी आणि पनीर घरीच ठेवावे लागते. आजीने घरचे कढवलेले तूप दोन बाटल्यांत भरून ठेवले होते. ते आदल्या दिवशी शेजारी गेले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून २०२२ मध्ये त्यांवर बंदी आली आहे. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, मुगाची डाळ, तांदूळ आणि अर्थात सांगलीचे भडंग हे सगळे आमच्याबरोबर निर्वेध पोहोचले. लोणचे मोठ्या सामानात घाला. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी.

आपले दोन बारीक पिनांचे चार्जर बहुतेक ठिकाणी बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. स्वित्झर्लंडची तीन पिनांची खाच जर्मनी-फ्रान्सपेक्षा वेगळी असते, म्हणून सर्व देशांना चालणारा ॲडॅप्टर घ्या.

प्रत्येकाला स्वतःची बॅग जिन्यावरून उचलता आली पाहिजे, ही एकमेव अट पाळा. पॅरिसच्या जुन्या इमारतींतील लिफ्ट दोन माणसांच्या असतात आणि व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात. आम्ही व्हेनिसमध्ये न राहता रेल्वेने दहा-बारा मिनिटांवरच्या मेस्त्रेला राहिलो, ते केवळ बॅगांसाठी.

७. विमानतळ

चालायला त्रास असणाऱ्यांसाठी व्हीलचेअर मागून घ्या; ती विनामूल्य असते आणि मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. आजोबा “मी काय आजारी आहे का?” म्हणून रुसले होते. मी त्यांना सांगितले की रांग चुकवायचा हाच मार्ग आहे, आणि तो मुद्दा त्यांना पटला. सहाही पासपोर्ट एकाच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत मोडून काढा. प्रत्येकाचा त्याच्याजवळ आणि सगळ्यांच्या प्रती तुमच्या फोनमध्ये, असे असावे.

आमच्या वेळी पासपोर्टवर शिक्के बसले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र शिक्क्याऐवजी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. त्यामुळे उतरल्यानंतर लगेच पुढची रेल्वे ठेवू नका.

८. रेल्वे

फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत आसन आरक्षण लागतेच, आणि तिकिटे जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त मिळतात. स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांत आरक्षण लागत नाही. तिथला स्विस ट्रॅव्हल पास रेल्वे, बस आणि बोटी यांवर चालतो. पंचविशीपर्यंतच्या तरुणांना तो सवलतीत मिळतो आणि पालकांबरोबर असलेल्या सोळा वर्षांखालील मुलांना विनामूल्य फॅमिली कार्ड मिळते, पण ते मागावे लागते.

इटलीतल्या साध्या गाडीचे कागदी तिकीट काढले की काम संपत नाही. फलाटाजवळच्या लहानशा यंत्रात ते घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. फ्लोरेन्सहून पिसाला जाताना आम्ही गाडीत बसल्यावर हे आठवले आणि बाबा सहा तिकिटे मुठीत धरून फलाटावरून जे पळाले, ते आम्ही कोणी विसरलेलो नाही. सूचनाफलकावर “शोपेरो” हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ संप. तारखा आधी जाहीर होतात, म्हणून आठवडाभर आधी पाहून ठेवा.

शहरातल्या मेट्रोसाठी घरातच एक नियम ठरवा: चुकून गाडीत एकटा राहिलेला माणूस पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच उभा राहील आणि बाकीचे मागच्या गाडीने येतील. पॅरिसच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गावर गाड्यांना चालकच नसतो, त्यामुळे दार मिटण्याआधी कोणी आपल्याकडे पाहत नाही. तुइलेरी स्थानकावर भाऊ आत शिरला आणि दार मिटले. काचेपलीकडे त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला, आईने हंबरडा फोडायचे तेवढे बाकी होते. पुढच्या गाडीने कॉन्कॉर्डला पोहोचलो तर हा शांतपणे बाकावर बसून बिस्किटे खात होता. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार आणि लिफ्ट कमी असल्यामुळे आजोबांसाठी आम्ही नंतर बसच पत्करली, आणि शहरही त्यातूनच नीट दिसले.

९. रोजचा दिवस कसा आखावा

सकाळी एक मोठी जागा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पायी फेरफटका, यापलीकडे काही योजू नका. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, फ्लोरेन्सचे उफिझी कलादालन सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. या सर्वांची वेळ ठरवून तिकिटे आधीच काढा. २०२५ हे रोमचे जुबिली, म्हणजे कॅथलिकांच्या यात्रेचे खास वर्ष असल्यामुळे तिथली गर्दी विलक्षण होती. तिकीट नसलेल्यांच्या रांगा पाहून आजी म्हणाली की आषाढी बरी. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीला कोणी अडवत नाही, भावाच्या हाफ पँटला अडवले.

डोंगरावर जायचे असेल तर वयाचा विचार आधी करा. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि वर हवा विरळ लागते. डॉक्टरांनी आजोबांना नको म्हटले, म्हणून आम्ही सर्वांनी मिळून दातेरी रुळांच्या गाडीने लुसर्नजवळच्या रिगी डोंगरावर एक दिवस घालवला. ते १,७९८ मीटर आहे, युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे १८७१ मध्ये तिथेच सुरू झाली आणि स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळे तिकीट लागत नाही. महागड्या शिखरांची तिकिटे काढण्यापूर्वी त्याच सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहा. ढग असतील तर त्या दिवशी बोटीने तळ्यात फिरा.

जेवणाचे वेळापत्रक अधिक अवघड जाते. इटलीत दुपारी अडीच-तीननंतर अनेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यासाठी पिशवीत काहीतरी हवेच. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या स्थानकांतील दुकाने तेवढी उघडी असतात. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, कोरड्या पास्त्यात सहसा नसते. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून “सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे”, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे पाठ करा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते आणि रोमच्या रस्त्यांवरील नळांतून ते अखंड वाहत असते; बाटल्या विकत घेऊ नका.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतल्याने आमचा खर्च वाचला आणि मनेही टिकली, पण फोडणी देण्यापूर्वी छताकडे पाहा. लुसर्नला पहिल्याच रात्री मोहरी तडतडली आणि धुराचा भोंगा असा वाजला की खालचे गृहस्थ जिन्यात आले. त्यानंतर खिडकी उघडी आणि आच मंद. रात्री दहानंतर तिथे शांतता पाळतात, हेही ध्यानात ठेवा.

जूनमध्ये पॅरिसला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. आजी दिवेलागणीची वाट पाहत खिडकीशी बसायची आणि तोपर्यंत जेवायची नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोडगा काढला: घड्याळात सांगलीची वेळ ठेवली आणि दुपारी साडेतीनला शुभंकरोती म्हणून मोकळी झाली.

१०. घरातली भांडणे

सगळी कामे स्वतःकडे ठेवण्याची चूक मी केली, आणि दहाव्या दिवशीच, लुसर्नमध्ये असतानाच, माझा आवाज चढू लागला. त्यानंतर कामे वाटली: बाबांकडे हिशेब, आईकडे शिदोरी, भावाकडे फलाट आणि गाडीचा क्रमांक शोधणे. तीन दिवसांतून एकदा अर्धा दिवस प्रत्येकाला मोकळा द्या. मोठ्यांपुढे निवड ठेवताना दोनच पर्याय ठेवा, “काय करायचं?” असा मोकळा प्रश्न विचारलात तर उत्तर “तुम्ही म्हणाल तसं” हेच येईल आणि रुसवा संध्याकाळी कळेल.

११. काही चुकलेच तर

आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे आणि तो या तिन्ही देशांत चालतो. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर मनगटाला दोरा बांधू पाहणारे आणि कागदावर सही मागणाऱ्या मुली भेटतील. हात खिशात ठेवून न थांबता पुढे चला. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जा. तिथून मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यासाठी चालते, त्यावर पुढचा प्रवास करता येत नाही. प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता छापील स्वरूपात ठेवा, कारण आजोबांचा फोन नेमका हवा तेव्हा बंद असतो.

परतल्यावर जुने पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती आणि विम्याचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवून द्या. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या शेंगेन अर्जासाठी वापरता येतात. हे मी आजीला सांगितले, तेव्हा तिने बोटे उताणी करून पाहिली आणि म्हणाली, “म्हणजे तोवर भांडी घासायला हरकत नाही.”